कोरडा डोळा व शेतकरी

रब्बी ज्वारीच्या मळणीची धूळ खाली बसते न बसते तोच परभणी जिल्ह्यात उन्हाच्या झळा सुरू होतात. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. या दिवसांत डोळ्यांत खडा टोचल्यासारखे होते, आग होते, आणि पुष्कळदा धारही लागते. कोरड्या डोळ्यास पाणी यावे याचे नवल वाटेल, परंतु कारण साधे आहे. अश्रूंचे तीन थर असतात : तळाशी बुळबुळीत, मध्ये पाण्याचा, वर पातळ तेलाचा. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून येणारे हे तेल कमी पडले म्हणजे पाणी उडून जाते, डोळा चुरचुरतो व पुन्हा अश्रू येतात. तेही टिकत नाहीत. नजर क्षणभर पुसट होते, पापणी मिटली की निवळते. दुर्लक्ष केल्यास बुबुळास जखम होऊन फूल पडण्याचा धोका असतो.

मळणीच्या वेळी वाऱ्याकडे पाठ करावी, साधा चष्मा लावावा. कोमट पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके मिटलेल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटे ठेवावे. शेजाऱ्याकडील उरलेले औषध डोळ्यांत मुळीच घालू नये. त्यात स्टेरॉइड असल्यास काचबिंदू होऊ शकतो.

लहान मुलांची गोष्ट निराळी. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी त्यांचे डोळे कोरडे पडतात, त्याआधी रातांधळेपणा येतो. या जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यात मिळतो, आणि पुढील डोस ५ वर्षांपर्यंत चालू असतात. बांधावरचा शेवगा आपण शेंगांसाठीच राखतो. त्याच्या पाल्यात हे सत्त्व विपुल असते. तिन्हीसांजेस ठेचाळणाऱ्या मुलास मात्र पाल्यावर न थांबता तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.