हृदय व रक्तवाहिन्या : रचना, कार्य आणि वेळेचे मोल

वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि नव्या यंत्रसामग्रीची नोंद असते. देणगीदार व विश्वस्त यांच्यापुढे तो हिशेब ठेवणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु ज्या अवयवासाठी हा सारा खटाटोप चालतो, त्याची साधी ओळख करून दिल्यावाचून हा हिशेब अपुरा राहतो, असे आम्हांस वाटते.

हृदयरुग्णाच्या नातेवाइकांना पुष्कळदा काही मिनिटांत संमतीपत्रावर सही करावी लागते. ‘नस बंद आहे’, ‘झडप अरुंद झाली आहे’, ‘पंपिंग कमी आहे’ असे शब्द त्यांच्या कानांवर पडतात. सही होते, पण अर्थ उमगलेला नसतो. हे शब्द संकटाच्या वेळेपूर्वीच परिचयाचे व्हावेत, एवढ्याच हेतूने हा लेख दिला आहे.

हृदयाचे स्थान व आकार

हृदय डाव्या बाजूला असते, हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. ते छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या मागे, दोन फुप्फुसांच्या दरम्यान असते. त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे झुकलेला असतो आणि खालचे टोक डावीकडे वळलेले असते. ठोके तेथे स्पष्ट जाणवतात, म्हणून आपण छातीच्या डाव्या बाजूस हात ठेवतो. हृदयाचा आकार साधारणपणे ज्याच्या त्याच्या मुठीएवढा, तर प्रौढ माणसात वजन सुमारे २५० ते ३५० ग्रॅम असते. त्याचा तळ श्वासपटलावर टेकलेला असतो व श्वासपटलाच्या खाली लगेचच जठर असते. हा शेजार वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

चार कप्पे, चार झडपा

हृदयात चार कप्पे असतात. वरच्या दोहोंना अलिंद व खालच्या दोहोंना निलय म्हणतात. अलिंदांत रक्त येते, निलयांतून ते बाहेर फेकले जाते. उजव्या व डाव्या बाजूंमध्ये स्नायूंचा पडदा असतो. जन्मतःच त्या पडद्यात उणीव राहिली, तर त्यालाच आपण ‘हृदयाला छिद्र’ म्हणतो.

उजव्या निलयाला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पाठवायचे असते, म्हणून त्याची भिंत पातळ असते. डाव्या निलयाला तेच रक्त मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत पोहोचवायचे असते. त्यामुळे त्याची भिंत जवळजवळ तिप्पट जाड, म्हणजे सुमारे १ सेंटिमीटर असते. रक्तदाब दीर्घकाळ वाढलेला राहिला, तर ही भिंत आणखी जाड व ताठर होत जाते. रक्तदाबाच्या गोळ्या ‘काही त्रास नाही’ म्हणून बंद करू नयेत, असे डॉक्टर वारंवार सांगतात, त्याचे हे एक कारण आहे.

प्रत्येक निलयाच्या प्रवेशद्वारी एक व निर्गमद्वारी एक अशा एकूण चार झडपा असतात. त्या रक्ताला पुढे जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा ‘लब्-डब्’ हा ध्वनी मुख्यतः झडपा मिटताना उमटतो. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर प्रत्येक झडप दिवसातून एक लाखाहून अधिक वेळा उघडते व मिटते. बालपणी विशिष्ट जंतूंमुळे घसा येऊन पुढे संधिवाताचा ताप जडला, तर याच झडपांना, विशेषतः डाव्या बाजूच्या द्विदल झडपेला, कायमची इजा होऊ शकते. अशा मुलांना साधारणपणे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. मूल वरकरणी ठणठणीत दिसू लागले, म्हणून पालकांनी ते थांबवू नये. ती सुई आजच्या दुखण्यासाठी नसून उद्याची झडप वाचवण्यासाठी असते.

‘पंपिंग’ म्हणजे काय?

प्रौढ माणसाचा डावा निलय विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतो. मात्र तो कधीही पूर्ण रिकामा होत नाही. त्यात सुमारे १२० मिलिलिटर रक्त भरते व त्यातील ७० मिलिलिटरच्या आसपास बाहेर जाते. या प्रमाणालाच अहवालात ‘पंपिंग’ म्हटलेले असते. म्हणून ‘पंपिंग ६० टक्के’ याचा अर्थ ४० टक्के हृदय निकामी झाले, असा मुळीच नाही. तो आकडा निरोगी हृदयाचा आहे. हा आकडा ऐकून घाबरलेली कुटुंबे आम्ही नेहमी पाहतो, म्हणून येथे हा खुलासा मुद्दाम केला आहे.

रक्ताची दोन आवर्तने

रक्त शरीरातून दोन वर्तुळांत फिरते. उजव्या निलयातून फुप्फुसांकडे व तेथून प्राणवायू घेऊन डाव्या अलिंदात, हे लहान आवर्तन. डाव्या निलयातून महारोहिणीद्वारे सर्व शरीरात व तेथून महानीलांद्वारे उजव्या अलिंदात, हे मोठे आवर्तन. फुप्फुसांतून होणाऱ्या प्रवासाचे वर्णन तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने केले होते. संपूर्ण अभिसरणाचा सिद्धांत इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. रक्त रोहिणीतून नीलेत नेमके कोठून जाते, हा दुवा मात्र त्यांना पाहता आला नव्हता. १६६१ मध्ये इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या आणि ती साखळी पूर्ण झाली.

आपण ‘शुद्ध’ व ‘अशुद्ध’ रक्त असे शब्द वापरतो. त्यांतून निष्कारण गैरसमज होतो. नीलांमधील रक्त घाण नसते; त्यात प्राणवायू कमी असतो, इतकेच. रक्तदान शिबिरात दात्याच्या दंडातून घेतले जाते ते नीलेतीलच रक्त असते आणि तेच दुसऱ्याचा जीव वाचवते.

रोहिणी, केशवाहिनी, नीला

हृदयापासून रक्त दूर नेणाऱ्या नलिकांना रोहिणी किंवा धमनी म्हणतात. त्यांच्या भिंती जाड व लवचीक असतात. डावा निलय आकुंचन पावताना त्यांच्यातील दाब चढतो व तो शिथिल होताना उतरतो. १२० व ८० हे रक्तदाबाचे दोन आकडे या दोन अवस्थांचे असतात. रोहिणींच्या शाखा-उपशाखा होत होत शेवटी केशवाहिन्या बनतात. त्या इतक्या अरुंद असतात की, तांबड्या पेशींना त्यांतून एकामागून एक, प्रसंगी अंग चोरूनच जावे लागते. प्राणवायू व पोषणद्रव्ये ऊतींना मिळतात ती येथेच.

रक्त परत आणणाऱ्या नलिका म्हणजे नीला. बोलीभाषेत आपण त्यांना शिरा म्हणतो. त्यांच्या भिंती पातळ असतात व आतील दाब अगदी कमी असतो. पायांतील रक्ताला वर चढायचे असते, म्हणून तेथील नीलांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या लहान झडपा असतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळले की रक्त वर ढकलले जाते. शस्त्रक्रियेनंतर परिचारिका रुग्णाला पाय हलवण्याचा व लवकर चालण्याचा आग्रह धरतात, तो याच कारणासाठी.

हृदयाची स्वतःची वीज

हृदयाचे ठोके मेंदूच्या आज्ञेवर अवलंबून नसतात. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातील पेशींचा एक लहानसा पुंज स्वतःच विद्युत्-संदेश निर्माण करतो. मज्जातंतू त्याची गती कमीअधिक करतात, एवढेच. हा संदेश आधी अलिंदांत पसरतो, मधल्या टप्प्यावर सेकंदाचा सुमारे दहावा हिस्सा थांबतो व मग निलयांत उतरतो. त्या क्षणभराच्या विलंबात निलय भरून घेतात. ई.सी.जी.च्या कागदावर उमटते ती याच संदेशाची वाटचाल. ती वाट खंडित झाली, तर पेसमेकर बसवावा लागतो.

हृदयाला रक्त कोण पुरवते?

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. दिवसाला सुमारे ७००० लिटर रक्त ज्याच्या कप्प्यांतून वाहते, त्या हृदयाला त्या रक्तातून स्वतःची तहान जवळजवळ भागवता येत नाही. भिंतीचा आतला अगदी पातळ थर सोडला, तर कप्प्यांतील रक्त स्नायूंपर्यंत झिरपत नाही. काठोकाठ भरलेला कालवा शेताच्या बांधावरून जात असला, तरी त्या शेताला पाणी मिळते ते त्याच्या चारीनेच. हृदयाचेही तसेच आहे.

या चाऱ्या म्हणजे हृद्‌रोहिणी. महारोहिणीच्या अगदी उगमापाशी डावी व उजवी अशा दोन हृद्‌रोहिणी निघतात. डावी थोड्याच अंतरावर दुभंगते; एक शाखा पुढच्या भिंतीवरून खाली उतरते, दुसरी डाव्या बाजूने मागे वळते. या दोन शाखा व उजवी हृद्‌रोहिणी मिळून डॉक्टरांच्या बोलण्यातील ‘तीन नसा’ होतात. त्यांची आतील रुंदी मुळाशी अवघी ३ ते ४ मिलिमीटर असते.

या व्यवस्थेत दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, आकुंचनाच्या वेळी स्नायू आपल्याच नलिका दाबून धरतो. त्यामुळे डाव्या निलयाला त्याचे बहुतेक रक्त दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत मिळते. ठोके वाढले की ही विश्रांती आखडते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठ्याचा वेळ कमी होतो. दुसरी अडचण अशी की, हृदयाचा स्नायू विश्रांतीच्या वेळीही मिळालेल्या रक्तातील जवळजवळ तीनचतुर्थांश प्राणवायू काढून घेतो. त्याच्यापाशी शिल्लक फारशी नसते. अधिक प्राणवायू हवा असेल, तर अधिक रक्तच यावे लागते. वाट अरुंद असेल, तर ते येणार कोठून?

अडथळा आल्यावर

हृद्‌रोहिणींच्या भिंतीत वर्षानुवर्षे मेदयुक्त थर साचत जातात. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांमुळे त्यांची वाढ जलद होते. वाट बरीच अरुंद झाली की चढ चढताना छाती भरून येते व थांबल्यावर बरे वाटते. एखादे दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि नलिका अचानक बंद होते. हाच हृदयविकाराचा झटका.

नलिका बंद झाल्यापासून साधारण अर्ध्या तासात स्नायू मरू लागतो व पुढील काही तासांत हे नुकसान आतून बाहेर पसरत जाते. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. तेथे व्रण राहतो आणि पंपिंगचा आकडा कायमचा घसरतो. गुठळी विरघळवण्याचे औषध किंवा तातडीची अँजिओप्लास्टी पहिल्या बारा तासांत उपयोगी ठरते, पण दुसऱ्या तासात मिळणारा लाभ दहाव्या तासात मिळत नाही.

हे तास बहुधा घरीच जातात आणि त्यामागे शरीररचनाच असते. हृदयाचा तळ श्वासपटलावर व जठराच्या शेजारी असल्यामुळे खालच्या भिंतीचा झटका पित्त किंवा गॅस वाटतो. हृदयाच्या व हाताच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचतात, म्हणून वेदना डाव्या हातात, खांद्यात किंवा जबड्यात जाणवते. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात तर वेदनेऐवजी केवळ दम, घाम व थकवा असू शकतो. सोडा, ओवा व शेकणे यांत गेलेली रात्र आम्हांस सकाळी भरून काढता येत नाही.

उपचारांची तत्त्वेही याच रचनेवर उभी आहेत. १९७७ मध्ये झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृद्‌रोहिणीत फुगा फुगवून वाट मोकळी केली. त्यातूनच आजची अँजिओप्लास्टी व पुढे स्टेंट आले. बायपासमध्ये अडथळ्यापलीकडे नवी चारी जोडली जाते. त्यासाठी छातीच्या आतील रोहिणी किंवा पायाची नीला वापरतात. नीला जोडताना ती उलटी करून बसवतात, कारण सरळ ठेवली तर तिच्यातील झडपाच रक्त अडवतील.

नातेवाइकांस विनंती

छातीत दडपण, अकारण घाम किंवा दम असा त्रास काही मिनिटे टिकला, तर रुग्णाला चालवू नये, जिना चढवू नये व स्वतः वाहन चालवू देऊ नये. प्रत्येक वाढलेला ठोका त्याचा पुरवठा तोडतो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. रुग्णालयात आल्यावर त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, हे प्रथम सांगावे. पहिला ई.सी.जी. निर्दोष आला तरी घरी जाण्याची घाई करू नये. काही वेळाने तो पुन्हा काढावा लागतो आणि रक्ततपासणीही लागते. अंतिम निर्णय अर्थातच उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

आमच्या देणगीदारांनी दिलेल्या साधनांचे मोल रुग्ण वेळेत दारी पोहोचण्यावर अवलंबून आहे. ती वेळ आम्ही विकत घेऊ शकत नाही. ती रुग्णाच्या घरातूनच मिळावी लागते. हे पान कुटुंबातील सर्वांनी एकदा वाचावे, अशी आमची नम्र विनंती आहे.