रबरी कड्याची साठ वर्षं

डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधले सर्जन जेम्स बॅरन यांनी १९६३ साली मूळव्याधीवर दोन आटोपशीर लेख प्रसिद्ध केले. भूल द्यायची नाही, रुग्णाला दाखल करून घ्यायचं नाही. ओपीडीतल्या टेबलावर कुशीवर झोपवायचं, नळीतून आतला कोंब चिमट्यात धरून पोकळ नळकांड्यात ओढायचा आणि त्याच्या मुळाशी ताणलेलं रबरी कडं, म्हणजे बँड, सोडून द्यायचं. रक्तपुरवठा तुटला की कोंब सुकतो आणि साधारण आठवड्याभरात आपोआप गळून पडतो. मागे छोटी जखम राहते. ती भरताना तयार होणारा वण सैल पडलेलं आवरण खालच्या स्नायूला घट्ट धरून ठेवतो, आणि आजूबाजूचा भागही त्याबरोबर वर ओढला जातो.

कोंब बांधण्याची कल्पना बॅरन यांची नव्हती. ग्रीक वैद्य जाड दोऱ्याने मूळव्याध बांधत असत. बॅरन यांच्या आधी काही वर्षं अमेरिकेतल्याच पॉल ब्लेसडेल यांनी रेशमी धागा टाकणारं उपकरण बनवलं होतं. बॅरन यांनी धाग्याऐवजी रबर आणलं. कोंब सुकत जातो तसा त्याभोवतीचा धागा सैल पडतो. रबर मात्र आक्रसत जाऊन पकड सोडत नाही. शिवाय गुदद्वाराच्या आत एक दंतुर रेषा असते. तिच्या वरच्या आवरणाला सुई टोचल्यासारखी वेदना कळत नाही, खालच्या त्वचेला मात्र बोटाच्या टोकाइतकी कळते. कडं रेषेच्या पुरेसं वर बसलं तर रुग्णाला नुसतं जडपण जाणवतं. खाली घसरलं तर तो टेबलावरच कळवळतो. साठ वर्षांत या उपकरणाचे जे नवे अवतार आले, त्यांतल्या बहुतेकांची धडपड कडं नेमक्या जागी आणि सहज बसावं यासाठीच होती.

हे उपकरण दवाखान्यांत पोचलं तेव्हा नवं वैद्यकीय उपकरण बाजारात आणण्याआधी तपासून घ्यावं असा कायदा अमेरिकेतही नव्हता. तो १९७६ साली आला. त्यातही असलेल्या उपकरणाशी नवं उपकरण पुरेसं मिळतंजुळतं आहे, एवढं दाखवून बाजारात येण्याची वाट ठेवली होती. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१७ साली झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. मधल्या दशकांत नवं साधन चांगलं की वाईट हे ठरलं ते मुख्यतः वापरणाऱ्या डॉक्टरच्या अनुभवावर. अनुभवाला मी कमी लेखत नाही. पण या आजारात त्याची एक मोठी अडचण आहे: बरा न झालेला रुग्ण त्याच डॉक्टरकडे परत येतोच असं नाही. ‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ अशी म्हण ज्या समाजाने केली, तिथले लोक रक्त पडत असूनही वर्षानुवर्षं घरात बोलत नाहीत. एकदा धीर करून दाखवलं आणि गुण आला नाही, तर बसस्टँडजवळचा ‘विना ऑपरेशन’चा बोर्ड गाठतात. पहिल्या डॉक्टरच्या वहीत तो रुग्ण बरा झालेलाच राहतो.

सत्तरच्या दशकात मूळव्याध गोठवून काढण्याची लाट आली. गोठवलेला भाग सडून गळताना दुर्गंधीयुक्त पाणी आठवड्यानुआठवडे येत राहायचं, आणि दुखणंही जाहिरातीत सांगितलं होतं तितकं कमी नव्हतं. ती पद्धत मागे पडली. याच काळात, १९७५ साली, इंग्लंडमधल्या डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन यांनी दाखवून दिलं की हे कोंब म्हणजे काही नवी वाढ नव्हे. रक्तवाहिन्या आणि स्नायुतंतूंच्या या गाद्या प्रत्येकाला जन्मापासून असतात आणि गुदद्वार नीट बंद राहायला मदत करतात. आधार सैल होऊन त्या खाली घसरल्या की त्रास सुरू होतो. आजार घसरण्याचा असेल तर सगळं कापून काढण्याची गरज उरत नाही. जागेवर परत धरून ठेवता आलं तरी पुष्कळ. रबरी कडं नेमकं तेच करत होतं, पण त्यामागचं कारण असं मागाहून उलगडलं.

मग १९८० साली धोक्याची घंटा वाजली. बँड टाकल्यानंतर ओटीपोटात जंतुसंसर्ग पसरून रुग्ण दगावल्याच्या नोंदी अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. वर्षानुवर्षं निर्धोक मानलेली, ओपीडीत काही मिनिटांत होणारी ही कृती, आणि तिच्यानंतर मृत्यू! अशा घटना अत्यंत विरळ होत्या आणि आजही आहेत. पण त्यांतून एक खूण हाती लागली: बँडनंतर वाढत जाणारी वेदना, ताप आणि लघवी अडणं ही तीन लक्षणं एकत्र आली तर एक तासही दवडायचा नाही. शंभर-दोनशे रुग्णांच्या चाचणीत असा धोका दिसलाच नसता. उपकरण बाजारात आल्यावरही नोंदी ठेवत राहाव्या लागतात, याचं याहून ठळक उदाहरण या शाखेत मला माहीत नाही.

पुढची सुधारणा वरवर किरकोळ वाटेल, पण ओपीडी चालवणाऱ्याला तिचं मोल कळतं. बॅरन यांच्या साधनात एका हाताने चिमटा ओढायचा, दुसऱ्याने बँड सोडायचा, आणि आत घातलेली नळी धरायला तिसरा हात हवा. म्हणजे मदतनीस आलाच. शिवाय चिमट्याने कोंब फाटून रक्त यायचं. म्हणून चिमट्याऐवजी हवा ओढून कोंब नळकांड्यात घेणारी साधनं निघाली. कॅनडातल्या पॅट्रिक ओरेगन यांनी सिरिंजसारखं, एकदा वापरून फेकून देण्याचं साधन बनवलं आणि १९९९ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. दट्ट्या मागे ओढला की आतली हवा विरळ होते, कोंब आपोआप आत येतो, आणि सगळं एकटा डॉक्टर करू शकतो. हवेने ओढणारं साधन आणि चिमट्याचं साधन यांची समोरासमोर तुलना मलेशियात झाली. १०० रुग्णांवरचा तो अभ्यास २००५ साली आला. हवेच्या साधनाने दुखणं आणि रक्त येणं दोन्ही कमी होतं. छोटा प्रश्न, सरळ तुलना, स्पष्ट उत्तर. अशा चाचण्या आणखी व्हायला हव्या होत्या.

रबरी कड्याने याच काळात एक लांबचा प्रवासही केला. यकृत निकामी झालेल्या रुग्णांच्या अन्ननलिकेत शिरा फुगतात आणि फुटल्या तर रक्ताच्या उलट्या होऊन माणूस दगावतो. कोलोरॅडोतल्या ग्रेग स्टीगमन यांनी मूळव्याधीच्या बँडचं तत्त्व एंडोस्कोपच्या टोकाला बसवून या शिरा बांधायला १९८६ च्या सुमारास सुरुवात केली. शिरेत औषध टोचण्याच्या जुन्या पद्धतीशी त्याची १२९ रुग्णांवर तुलना होऊन १९९२ साली निकाल छापून आला: टोचलेल्या गटात ४५ टक्के रुग्ण दगावले, बांधलेल्या गटात २८ टक्के. कल्पनेपासून निर्णायक चाचणीपर्यंत सहा वर्षं. ज्या दुखण्यासाठी हे कडं मुळात बनलं, त्याची बहुकेंद्री, मोठी तुलना व्हायला मात्र अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला. मूळव्याधीने माणूस सहसा मरत नाही हे खरं. पण चारचौघांत बसायला घाबरणारा, शौचाच्या धास्तीने जेवण तोडणारा माणूस इतका काळ थांबायला लावण्याजोगा नाही.

नव्वदच्या दशकात दोन महागडी साधनं आली आणि दोन्हींनी दवाखान्यांत पटकन जागा मिळवली. जपानच्या काझुमासा मोरिनागा यांनी १९९५ साली मांडलेल्या पद्धतीत नळीतच डॉपलर बसवलेला होता. कोंबाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचा आवाज ऐकायचा आणि तिथेच टाका घालून ती बांधायची. इटलीच्या अंतोनिओ लोंगो यांनी १९९८ साली स्टेपलरची पद्धत पुढे आणली: घसरलेल्या आवरणाचा वरचा गोल पट्टा कापून कडा पिनांनी जोडायच्या, म्हणजे गाद्या वर ओढल्या जातात. दोन्हींमागचा विचार सुरेख होता. पण सुरेख विचाराची किंमत रुग्ण मोजतो, म्हणून त्याची परीक्षा कठोर व्हायला हवी.

डॉपलरच्या परीक्षेत नागपूरचं नाव आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. डॉ. पी. जे. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसऱ्या पायरीच्या, म्हणजे बोटाने आत सारावे लागणाऱ्या मूळव्याधीच्या ४८ रुग्णांवर साधा प्रश्न तपासला: डॉपलर लावून बांधलं आणि डॉपलरशिवाय नुसते टाके घातले, तर फरक पडतो का? निकाल २०११ साली आला. वर्षअखेरीस गुण सारखाच होता. डॉपलरच्या गटात वेळ आणि वेदना मात्र जास्त. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधून ८२ रुग्णांचा अभ्यास आला. आपल्याला डॉपलर लावला की नाही हे त्यात रुग्णांना कळू दिलेलं नव्हतं. तिथेही डॉपलरमुळे वेगळा फायदा दिसला नाही. गुण टाक्यांचा होता. नागपूरच्या एका खासगी दवाखान्यातून निघालेला तो नेटका अभ्यास आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आवर्जून शिकवला जावा.

भारतीय परंपरेतला दोराही असाच तपासला गेला आहे, फक्त शेजारच्या दुखण्यावर. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी या औषधी दोऱ्याला, म्हणजे क्षारसूत्राला, पुन्हा उजाळा दिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भगंदरावर त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली. निकाल १९९१ साली आला: क्षारसूत्राने बरं व्हायला जवळपास दुप्पट वेळ लागला, पण भगंदर पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण कमी राहिलं. फायदा आणि तोटा दोन्ही एकाच लेखात मांडलेले आहेत, आणि माझा विश्वास अशाच निकालांवर बसतो.

स्टेपलरला ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ साली पर्याय म्हणून मान्यता दिली होती. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ७७७ रुग्णांचा अभ्यास आला. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात जुनी कापण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचं जगणं एकंदरीत अधिक सुखाचं होतं, आणि ती स्वस्तही पडली. सुरुवातीचे दिवस स्टेपलरवाल्यांना सुसह्य गेले होते. पहिल्या पंधरवड्यात विचारणं थांबवलं असतं तर निकाल उलटा लागला असता.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात रबरी कड्याची पाळी आली. ब्रिटनमधल्या १७ केंद्रांत दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीचे ३७२ रुग्ण घेतले गेले. निम्म्यांना बँड, निम्म्यांना डॉपलरने धमनी बांधणं. गुण आला की नाही हे ठरवताना वर्षभरानंतर रुग्णाला स्वतःलाच त्याच्या त्रासाबद्दल विचारलं होतं. एकदाच बँड टाकलेल्यांपैकी ४९ टक्क्यांना त्रास पुन्हा झाला, धमनी बांधलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. आकडा बँडच्या विरुद्ध दिसतो. पण बँड पुन्हा टाकता येतो, आणि लागेल तसे बँड टाकण्याचा पूर्ण उपचार धरला तर दोन्ही गट जवळजवळ सारखे ठरले. धमनी बांधण्याला भूल आणि शस्त्रक्रियागृह लागलं, सुरुवातीला दुखलं जास्त, आणि दर रुग्णामागे हजार पौंडांच्या वर जादा खर्च आला.

बँडला याहून मोठं श्रेय देता येत नाही. पहिल्या बँडनंतर वर्षभरात जवळपास निम्म्यांना पुन्हा त्रास होतो, हे वाक्य ‘एकाच भेटीत कायमचा आराम’ लिहिणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने वाचायला हवं. तिसऱ्या पायरीसाठी बँड बरा की शस्त्रक्रिया, हे ठरवायला डच डॉक्टरांनी ‘हॉलंड’ नावाची चाचणी सुरू केली. पुरेसे रुग्ण मिळेनात म्हणून ती आवरती घ्यावी लागली. जमले तेवढ्यांत बँडनंतर त्रास उलटण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा खूपच जास्त निघालं, पण जगण्याच्या सुखाचा कौल द्यायला संख्या अपुरी पडली. त्यामुळे आज तिसऱ्या पायरीचा रुग्ण समोर बसतो तेव्हा दोन्ही बाजू त्याच्यापुढे मांडाव्या लागतात: शस्त्रक्रियेत दुखणं जास्त आणि काही आठवडे कामावर खाडा, पण परत उद्भवण्याची भीती कमी; बँडमध्ये एक-दोन दिवसांची अस्वस्थता, आणि वर्षभरात पुन्हा यावं लागण्याची बरीच शक्यता. शेतीचा हंगाम तोंडावर आलेला माणूस बँड निवडतो. सुट्टी हाताशी असलेला शिक्षक कदाचित शस्त्रक्रिया निवडेल.