पोथी, खिळा व अंक

१. प्रस्तुत विषयास हात घालण्याचें निमित्त अगदीं घरगुती आहे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, मुळशीच्या धरणाखालीं गेलेल्या गांवांविषयीं वृद्ध मंडळींच्या तोंडून ऐकून व त्यांच्या घरचीं कागदपत्रें पाहून मीं कांहीं टिपणें केलीं होतीं. पुण्यांतील एका अक्षरजुळणीच्या दुकानांतून तीं संगणकावर उतरवून घेतलीं. छापण्याचा योग मात्र आला नाहीं. मूळ वह्यांस पुढें वाळवी लागली. ज्यांच्या तोंडून ऐकलें तीं माणसेंही आतां राहिलीं नाहींत. गेल्या पावसाळ्यांत तीं टिपणें नव्या यंत्रावर उघडलीं तों पानभर रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसली. एका जुन्या विद्यार्थ्यानें खटपट करून मजकूर पुन्हां देवनागरींत आणला. वाचूं लागलों, तों ‘मुळेच्या दऱ्यांतील गांवें’ या शब्दांच्या जागीं ‘मुळेच्या दर्यांतील गांवें’ असें झालेलें! विद्यार्थी हंसून म्हणाला, “गुरुजी, गांवें पाण्याखालींच आहेत, मग चुकलें कोठें?” विनोद म्हणून तें ठीक. परंतु दर्या सहज ओळखूं येतो. माणसाच्या आडनांवांत किंवा शेताच्या नांवांत असाच फरक पडला असेल तर तो कोण ओळखणार? मूळ वही नाहीं, सांगणारा नाहीं. उरला तो एवढाच पाठ. ग्रंथाचें रूप पालटलें म्हणजे पाठाचें काय होतें, व ग्रंथकाराचें काय होतें, याचा विचार त्यामुळें करणें भाग पडलें.

२. प्रथम शब्द पाहूं. ‘ग्रंथ’ म्हणजे गुंफलेलें, बांधलेलें. संस्कृतांत ‘लेखक’ म्हणजे बहुधा पोथी उतरून काढणारा. रचना करणारा तो ग्रंथकार किंवा कवि. हा भेद आज आपण विसरलों आहों, कारण छापखाना आल्यावर नक्कल करणारा लेखक निरुपयोगी झाला व त्याचें नांव ग्रंथकारानें घेतलें. पोथीच्या काळीं मात्र लेखक हाच ग्रंथाचा खरा प्रसारक होता. मागणी आली म्हणजे एक प्रत तयार व्हावयाची. प्रत्येक प्रत दुसरीहून थोडी निराळी. लेखकाची डुलकी, समासांतील टीप मजकुरांत शिरणें, जुना शब्द न कळल्यामुळें नवा घालणें, यांनीं पाठभेद वाढत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असेच पाठ मिसळले, म्हणून एकनाथांनीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. तिच्यासाठीं १२५९ हस्तलिखितें पाहावीं लागलीं. पाठशुद्धीचें मोल किती, तें या दोन उदाहरणांवरून कळेल.

३. छापखान्यानें हें सारें पालटलें; पण एकदम नव्हे. गोव्यांत मुद्रणयंत्र १५५६ सालीं आलें. तरीही फादर स्टीफन्स यांचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें तें रोमन लिपींत, कारण नागरी खिळे नव्हते. यंत्र असून लिपीची सोय नसेल तर भाषेस परक्या वेषांत वावरावें लागतें, हा धडा तेव्हांपासूनचा आहे. १८०५ सालीं श्रीरामपुरास विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण नागरी खिळ्यांनीं छापलें गेलें. त्याच वर्षीं मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें. जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं खिळे पाडण्याचा कारखाना घातला, व पुढें त्यांच्या निर्णयसागर छापखान्याचीं संस्कृत पुस्तकें शुद्धतेविषयीं सर्व देशांत प्रमाण मानलीं गेलीं.

छपाईनें तीन गोष्टी दिल्या. एका आवृत्तीची प्रत पुण्यास व पौडास सारखीच असे. तिजवर सन व स्थळ असे. आणि ग्रंथकाराचें नांव मुखपृष्ठावर पक्कें बसे. परंतु किंमतही द्यावी लागली. कॅरे यांचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांत निघाला असला, तरी पुढें छपाई बालबोधाची झाली व मोडी दप्तरापुरती उरली. राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हां मोडी कागद बालबोधांत उतरविणें हेंच मोठें काम होतें. म्हणजे लिपि पालटतांना पाठ सांभाळणें हें संशोधकास नवें नाहीं.

४. आतां अंकाचा काळ. संगणकास अक्षर कळत नाहीं. त्यास संख्या कळते. म्हणून प्रत्येक अक्षरास एक क्रमांक द्यावा लागतो. आरंभीं आपल्याकडील अक्षरजुळणीवाल्यांनीं काय केलें, तर रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकृतींचे तुकडे बसविले. ‘क’ चा दांडा एका ठिकाणीं, वेलांटी दुसऱ्या ठिकाणीं, रफार तिसऱ्या ठिकाणीं. प्रत्येक दुकानाची मांडणी निराळी. ती आकृतिमाला, म्हणजे फॉन्ट, यंत्रांत असेल तोंवर मराठी दिसे. नसेल तर मूळची रोमन चिन्हें दिसत. माझ्या टिपणांची गत झाली ती यामुळें. तीं मराठींत साठविलेलीं नव्हतींच. मराठीसारखीं दिसत होतीं इतकेंच.

याहून शास्त्रशुद्ध मार्गही त्याच काळीं निघाला होता. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. भारतीय लिप्यांसाठीं ‘इस्की’ नांवाचें राष्ट्रीय मानक १९९१ सालीं ठरलें. त्याच वर्षीं जगांतील लिप्यांस एकत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तींत देवनागरीचा क्रम भारतीय मानकाच्याच धर्तीवर लाविला आहे. देवनागरीस २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ स्थानें आहेत. क २३२५, ख २३२६, ग २३२७ अशी वर्गवार मांडणी पाहून शिक्षाग्रंथ पढलेल्या मनुष्यास समाधान वाटतें. कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंतचा आपला वर्णक्रम यंत्रानेंही बहुतांशीं मान्य केला आहे. ‘क्ष’ ला निराळें स्थान नाहीं: क २३२५, हलंत २३८१ व ष २३५९ असे तीन अंक मिळून तो होतो. जोडाक्षर हें स्वतंत्र वर्ण नव्हे हें वैयाकरणांचें मत येथें आपोआप पाळलें गेलें.

आतां दर्या व दऱ्या यांकडे वळूं. साधा र २३५२, आणि मराठींतील आडव्या रेघेचा अर्धा र ज्यापासून होतो तो ऱ २३५३. एका अंकाचा फरक. अर्थ मात्र डोंगरावरून समुद्रांत जातो. जुन्या फॉन्टांत हे दोन्ही केवळ आकृतींचे तुकडे होते. रूपांतर करणाऱ्या साधनानें दोघांनाही एकच र मानलें आणि चूक झाली. ‘आचार्यांनीं’ व ‘आचाऱ्यांनीं’ यांचाही घोटाळा असाच होतो. मराठीच्या कांहीं गरजा उशिरां भागल्या: ‘ॲ’ हें अक्षर युनिकोडांत २००८ सालीं आलें. छपाईंत मागें पडलेल्या मोडीस २०१४ सालीं स्वतःचीं स्थानें मिळालीं, ही संशोधकांच्या दृष्टीनें विशेष गोष्ट होय.

५. प्रकाशनावर याचा परिणाम काय? पूर्वीं हजार प्रती छापाव्या, गोदामांत ठेवाव्या, आणि दहा वर्षांनीं उरलेल्या रद्दींत द्याव्या, अशी रीत होती. आतां मागणीप्रमाणें दहा प्रती किंवा एकच प्रतही छापतां येते. म्हणजे पोथीचीच रीत परत आली; फक्त लेखकाचें काम यंत्र करतें. कागदाशिवायही पुस्तक विकतात; ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकें २०१६ च्या डिसेंबरांत येऊं लागलीं. पुढच्याच वर्षीं स्टोरीटेल या संस्थेनें मराठी पुस्तकें ऐकविण्यास आरंभ केला. श्रवणाची जुनी परंपराही अशी मागील दारानें घरांत आली. मराठी विश्वकोशाचे २० खंड छापून पुरे होण्यास जवळजवळ चार दशकें लागलीं; आज त्यांतील नोंद पौडाच्या शाळेंतील मुलगा क्षणांत पाहूं शकतो.

आमच्या तालुक्यापुरतें बोलावयाचें तर, १९२१ च्या रामनवमीस सुरू झालेला व सेनापति बापट यांच्या नांवाशीं निगडित असलेला मुळशी सत्याग्रह घ्या. त्यांतील एक पुढारी विनायकराव भुस्कुटे यांनीं त्याचा वृत्तांत लिहिला, तो १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या गांवांची ही हकीकत, त्या गांवांत ग्रंथालयें कोठलीं? तें पुस्तक पाहण्यासाठीं मला शिक्षकीच्या काळांत पुण्यास खेपा घालाव्या लागल्या. राजेंद्र व्होरा यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ २००९ सालचा. तो मात्र मागविल्यावर घरपोंच आला. कायद्याचीही बाजू आहे. ग्रंथकाराच्या हयातीनंतर ६० वर्षें हक्क राहतो. राजवाडे १९२६ सालीं वारले. त्यांचें लेखन आज कोणासही प्रसिद्ध करण्यास मोकळें आहे. बापट १९६७ सालीं निवर्तले. त्यांनीं हयातींत प्रसिद्ध केलेलें लेखन २०२७ अखेरपर्यंत परवानगीवांचून छापतां येणार नाहीं. यंत्रानें नक्कल सोपी झाली म्हणून हक्क नाहींसा झाला नाहीं.

६. ग्रंथकाराची स्थिति अधिक विचार करण्यासारखी आहे. मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मे रोजीं सुरू झाला. त्यांतील लेखास एक कर्ता नाहीं. अनेकांचे हात लागतात, जसे महाभारतास लागले. भेद एवढाच कीं, तेथें प्रत्येक फेरफाराची तारीख व पूर्वरूप जपून ठेविलेलें असतें. महाभारताच्या संपादकांस असा इतिहास मिळता तर त्यांचीं किती वर्षें वांचलीं असतीं! उलट, २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांपुढें आल्यापासून यंत्र स्वतःच मजकूर रचूं लागलें आहे. त्याचें मराठी सफाईदार असतें, पण सांगितलेली गोष्ट कोठून आली हें त्यास विचारून खात्रीनें कळत नाहीं; कधीं न लिहिलेल्या ग्रंथाचाही तें दाखला देतें. अशा मजकुराकडे संशोधकानें कसें पाहावें? बिनतारखेच्या, बिनकर्त्याच्या बखरीकडे पाहतों तसें. अस्सल कागदाचा आधार मिळेपर्यंत तिचें विधान पुरावा नव्हे. बखरकारास निदान कांहीं ऐकीव माहिती असे, हें ध्यानांत ठेवून येथें अधिकच सावध असावें.

७. यावरून स्थानिक इतिहासाचें काम करणाऱ्यांसाठीं कांहीं नियम सुचतात. (अ) कागदाचें छायाचित्र व त्याचें लिप्यंतर हीं दोन्हीं ठेवावींत. एकाच्या भरंवशावर दुसरें टाकूं नये. (आ) मजकूर युनिकोडांतच साठवावा. जुन्या फॉन्टांतील असेल तर आजच रूपांतर करावा, आणि रूपांतरित पाठ माणसानें मुळाशीं ताडून पाहावा. (इ) प्रत्येक प्रतीवर तारीख व शोधणाऱ्याचें नांव घालावें, जसें पोथीच्या शेवटीं लेखक शक व गांव घाली. (ई) कांहीं प्रती कागदावर छापून निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. १९६१ च्या १२ जुलै रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां पुण्यांतील नदीकांठच्या पेठांत किती घरांचे ग्रंथसंग्रह चिखलांत गेले, हें जुन्या मंडळींस सांगावयास नको. एकाच जागीं ठेविलेली वस्तु एकाच आपत्तींत जाते, मग ती कागदाची असो वा अंकांची.

माझीं टिपणें सध्यां मी ओळीओळीनें तपासीत आहें. जेथें नांवाविषयीं शंका येते तेथें पाठ न बदलतां खूण करून ठेवितों, कारण मूळ वही नसतां अंदाजानें केलेली दुरुस्ती ही दुसरी चूकच ठरण्याचा संभव आहे. धरणाखालीं गेलेल्या गांवांतून उठून मावळांत, कोंकणांत किंवा पुण्यामुंबईस गेलेल्या कुटुंबांपाशीं जमिनीच्या नोटिसा, पावत्या, इनामाचे मोडी कागद असतील, तर त्यांनीं ते माळ्यावर न ठेवतां एकदां कोणा जाणत्यास दाखवावे. एका शेताचें नांव जरी त्यांतून पक्कें झालें, तरी माझ्या टिपणांतील एक खूण पुसली जाईल.