कर्नल पॅनिक : आधी काय थांबतं?

पॅनिक : सावरता न येणारी चूक घडल्यावर कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) सगळं थांबवणं.
इंटरप्ट : टायमर, डिस्क, कीबोर्ड यांनी प्रोसेसरला दिलेली हाक.
प्रीएम्प्शन : चालू काम मध्येच थांबवून प्रोसेसर दुसऱ्या कामाला देणं. लिनक्स कर्नलच्या आत ही सोय २.६ आवृत्तीपासून (डिसेंबर २००३).

• पवईच्या आयआयटीत ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना एमआयटीची ‘एक्सव्ही६’ ही छोटी सिस्टिम वापरतात. तिच्या एक्स८६ आवृत्तीतलं पॅनिक फंक्शन जेमतेम डझनभर ओळींचं, पण मुळातून वाचावं असं. ते आधी इंटरप्ट बंद करतं. मग कन्सोलचं लॉक वापरणंच बंद करतं, कारण कोसळणाऱ्या कोडनेच ते धरलेलं असेल तर संदेश कधीच छापला जाणार नाही. शेवटी कॉल-स्टॅकमधले दहा पत्ते छापून अनंत लूप.

• लिनक्स इंटरप्टबरोबर प्रीएम्प्शनही बंद करतं. पॅनिकची प्रक्रिया एकच कोअर चालवतो, बाकीच्यांना थांबवलं जातं.

• लिनक्सचा ‘ऊप्स’ (कर्नलमधली पॅनिकपेक्षा सौम्य चूक) वेगळा : त्यात बहुधा एकच प्रोसेस मरते. इंटरप्ट हाताळताना घडला, तर थेट पॅनिक.

• इंटरप्ट बंद केल्याने एनएमआय (दडपता न येणारा इंटरप्ट) थांबत नाही. एक्स८६ वर लिनक्सचा केडम्प (२००५) त्याच्याच आधारे इतर कोअर थांबवतो. मग राखीव मेमरीत दुसरा कर्नल सुरू होतो आणि पहिल्याची मेमरी जतन करतो.