हिरड्या आणि मधुमेह

दांत घासतांना थुंकींत रक्ताची लाली दिसली, तर आपल्याकडे तिची फारशी दखल घेतली जात नाहीं. "उष्णता झाली असेल" असें म्हणून मनुष्य चूळ भरतो आणि कामाला लागतो. परंतु निरोगी हिरडींतून नुसत्या घासण्यानें सहसा रक्त येत नाहीं. आणि ज्याला मधुमेह आहे त्यानें तर या खुणेकडे मुळींच दुर्लक्ष करूं नये.

मधुमेहाची चाहूल तोंडांत लागते, ही कल्पना आपल्या वैद्यकाला अपरिचित नव्हती. प्रमेहाचीं पूर्वलक्षणें सांगतांना माधवनिदानांत दांत वगैरे ठिकाणीं मळ सांचण्याचा उल्लेख आहे. मात्र या संबंधाचें मोजमाप अलीकडच्या काळांतच झालें. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत, गिला नदीच्या कांठीं, पिमा नांवाचे मूळ रहिवासी राहतात. त्यांच्यांत मधुमेह फार असल्यामुळें संशोधकांनीं तेथें अनेक वर्षें पाहणी केली. १९९० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, मधुमेह असणारांना हिरड्यांचा गंभीर विकार जडण्याचा संभव इतरांच्या अडीच ते तीनपट होता. पुढें १९९३ सालीं हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञानें, डोळे, मूत्रपिंडें, मज्जातंतु इत्यादिकांच्या बिघाडांबरोबरच हिरड्यांच्या विकारालाहि मधुमेहाचा 'सहावा उपद्रव' म्हणून स्थान दिलें.

असें कां व्हावें? दांत आणि हिरडी यांच्या सांध्यांत जंतूंचा चिकट थर बसतो. तो वेळींच निघाला नाहीं तर कठीण होऊन त्याचें कीटण बनतें. जंतूंना हटविण्यासाठीं शरीर झुंजूं लागतें, तेव्हां हिरडी लाल होते व सुजते. झुंज लांबली कीं हिरडी दांतापासून सुटते, आंतलें हाड झिजतें आणि शेवटीं दांत हलूं लागतो. यालाच आपण पायरिया म्हणतों. रक्तांत साखर सतत वाढलेली असली, तर रोगाशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात व जखम लवकर भरत नाहीं. दाह मात्र अधिकच भडकतो.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. हिरड्यांतील दाहामुळें निर्माण होणारीं द्रव्यें रक्तांत मिसळून इन्शुलिनच्या कार्यांत अडथळा आणतात. मग औषध तेंच, पथ्यहि तेंच, तरी साखर आटोक्यांत येत नाहीं. २०२२ सालीं ३५ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासण्यांत आले. मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारी जी हिमोग्लोबिनची तपासणी असते, तिचा टक्केवारीचा आंकडा हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनीं सरासरीनें ०.४३ नें उतरलेला आढळला. म्हणजे ८ असलेला आंकडा साडेसातच्या जवळ यावा. दांतांची सफाई ही मधुमेहाच्या औषधाची जागा घेऊं शकत नाहीं. पण त्या औषधाला ती हातभार लावते.

२०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत मधुमेही सुमारें १० कोटी १० लक्ष आहेत. म्हणून हा प्रश्न घरोघरचा आहे. हे दोन्ही विकार बहुधा वेदनेवांचून वाढतात. दुखत नाहीं म्हणून रोग नाहीं, असें मानूं नये. रक्त येतें म्हणून घासणें सोडूं नये. मऊ ब्रशानें दिवसांतून दोनदां दांत घासावेत व दोन दांतांमधील फटीहि स्वच्छ ठेवाव्यात. मिश्री, तंबाखू व विडी यांनीं हिरड्यांची हानीच होते. दंतवैद्याला आपला मधुमेह व चालू औषधें सांगावीं, आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना हिरड्यांतून रक्त येत असल्याचें सांगावें. दांतांच्या उपचारासाठीं जातांना मनानेंच उपास करूं नये किंवा औषध बंद करूं नये. तें अगोदर विचारून ठरवावें.

दांत पाहणारा एक आणि साखर पाहणारा दुसरा, अशी आपण वांटणी केली आहे. शरीर मात्र एकच आहे; तेव्हां एकाकडची हकीकत दुसऱ्याच्या कानीं घालण्याचें काम रोग्यानेंच आपल्या अंगावर घेतलें पाहिजे.