वाटाण्याचा हिशेब आणि पाड्यावरचा सिकलसेल

‘‘पहिला मुलगा सिकलसेलचा निघाला. चारात एक असं तुम्हीच सांगता. मग आता पुढची तीन मुलं चांगली होणार ना?’’ शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. सासूबाई सोबत असतील तर दुसरा प्रश्नही ठरलेला असतो, ‘‘हे सुनेच्या माहेरचं आहे का?’’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दीडशे वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती मठाच्या बागेत सापडली होती.

ब्रनो हे आज चेक प्रजासत्ताकात असलेले शहर. तिथल्या मठात ग्रेगोर मेंडेल नावाचा धर्मगुरू होता. १८५६ ते १८६३ या काळात त्याने वाटाण्याची हजारो रोपे वाढवली. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणांचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती नाहीशी झाली असे वाटले. पण त्याच दाण्यांपासून पुढची पिढी घेतल्यावर ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे साधारण तीनास एक. सुरकुती गेली नव्हती, ती फक्त झाकली गेली होती. मेंडेलने निष्कर्ष काढला की प्रत्येक गुणाचे दोन अंश असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला. पुढच्या पिढीला त्यातला कोणता तरी एकच मिळतो.

१८६५ मध्ये त्याने हे काम वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये ते छापले गेले, पण फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८८४ मध्ये तो वारला. १९०० मध्ये तीन शास्त्रज्ञ आपापल्या प्रयोगांतून त्याच नियमापर्यंत पोहोचले आणि तेव्हा कुठे जगाला मेंडेल कळला. अंशांना पुढे जनुक हे नाव मिळाले.

सिकलसेल हा आजार याच नियमाने चालतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एक छोटासा बदल होतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते, वारंवार जंतुसंसर्ग होतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांत फुटते. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी अशा पेशींची नोंद केली. हा आजार मेंडेलच्या नियमाने उतरतो हे १९४९ मध्ये जेम्स नील यांनी दाखवून दिले.

दोन्ही जनुके बदललेली असतील तर ती व्यक्ती रुग्ण. एकच बदललेले असेल तर वाहक. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, शेतीची आणि मजुरीची सगळी कामे तो करतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एक. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन पूर्ण निर्दोष असेल, तर मूल रुग्ण होत नाही, फार तर वाहक होते.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. चारात एक ही शक्यता चार मुलांत वाटून दिलेली नसते, ती प्रत्येक गर्भारपणात नव्याने लागू होते. नाणे उडवल्यावर एकदा छापा पडला म्हणून पुढच्या वेळी काटा पडेलच असे नसते, तसेच हे. एका जोडप्याची चारही मुले निरोगी असू शकतात आणि दुसऱ्याची पहिली दोन्ही मुले रुग्ण असू शकतात. ‘एक झाला, आता धोका संपला’ या समजुतीपायी पुढची तपासणी टळते आणि दुसरे आजारी मूल जन्माला येते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याहून स्पष्ट आहे. मूल रुग्ण आहे याचा अर्थच असा की एक जनुक आईकडून आले आणि एक बापाकडून. सुनेला बोल लावणाऱ्या घरात मुलाच्या रक्तातही तेच जनुक असते.

‘हा आदिवासींचाच आजार’ हेही अर्धसत्य आहे. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली या भागांत त्याचे प्रमाण बरेच जास्त आहे, ठाणे जिल्ह्यात त्या मानाने कमी. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे हे जनुक टिकले. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमियाबद्दल असा तर्क मांडला होता, तर सिकलसेलच्या वाहकांना घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. म्हणजे ज्याला आज आपण दोष म्हणतो, त्याने कधीकाळी लेकरे वाचवली आहेत. मुरबाडहून जवळच असलेल्या उल्हासनगरात सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक आढळतात. जनुक वेगळे वागते, नियम मात्र मेंडेलचाच. सिकलसेलचा वाहक आणि बीटा थॅलेसेमियाची वाहक यांच्या मुलालाही गंभीर आजार होऊ शकतो.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्यांना कार्ड दिले जाते. लग्न ठरवताना पत्रिकेऐवजी ही कार्डे जुळवून पाहावीत, असे आपण सांगतो. सल्ला योग्य आहे, पण त्यात एक धोका आहे. ग्रीसमधल्या ऑर्खोमेनोस या गावात अर्ध्या शतकापूर्वी सगळ्यांची सिकलसेल तपासणी झाली. परिणाम असा झाला की वाहकांकडे कमी प्रतीचे म्हणून पाहिले जाऊ लागले, काहींनी लग्नाच्या वेळी निष्कर्ष लपवला आणि वाहक जोडपी होण्याचे काही थांबले नाही. तपासणी झाली, समजावणे राहून गेले. आपल्या पाड्यांवर तसे होऊ द्यायचे नसेल, तर कार्ड हातात देताना आशाताईंनी, परिचारिकेने आणि डॉक्टरने पाच मिनिटे बसून बोलले पाहिजे. वाहक मुलीचे लग्न मोडण्यासाठी हे कार्ड नाही.

दोघेही वाहक असतील आणि लग्न झालेले असेल, तरी वाट बंद होत नाही. गर्भारपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेत ही सोय आहे. त्यासाठी दिवस राहिल्याचे कळताच दवाखान्यात यायला हवे, पाचव्या महिन्यात नव्हे. पुढचा निर्णय त्या दोघांचा.

जी मुले आज आजारी आहेत, त्यांचा प्रश्न जनुकापाशी संपत नाही. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात, पण ती रोज घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने गोळी तुटते. आम्ही रुग्णाला सांगतो, भरपूर पाणी प्या, उन्हात राबू नका. हे ज्या तालुक्यात सांगतो, तिथल्या भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबई पिते आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्याच पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. पाणी कमी पडले की पेशी वाकतात. मेंडेलच्या हिशेबात पाण्याचा हंडा नव्हता. तो आपल्याला मांडावा लागेल.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. झटपट होणारी विद्राव्यता चाचणी रुग्ण आणि वाहक यांतला फरक सांगत नाही, ती सकारात्मक आली तर पुढची पक्की चाचणी करूनच घ्यावी. एक मूल रुग्ण निघाले तर आई-बाप, भावंडे, काका-मावश्या सगळ्यांनी तपासून घ्यावे. भट्टीवर जाण्यापूर्वी गोळ्यांचा साठा आणि कार्ड सोबत न्यावे, जवळच्या सरकारी दवाखान्यात ते दाखवावे. रुग्णाला ताप, छातीत दुखणे, धाप, एकाएकी फिकेपणा किंवा एका अंगाची कमजोरी दिसली तर भगताकडे वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. सिकलसेल रुग्णांचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, प्रमाणपत्रासाठी विचारायला संकोच करू नये.