तापलेल्या मोटारीची शुश्रूषा



वैशाखांतल्या दुपारीं धुळें-जळगांव रस्त्यानें जाणाऱ्यास पारोळें किंवा एरंडोल यांच्या आसपास एक दृश्य हटकून दिसतें. एखादी जुनी मोटार निंबाच्या सावलींत उभी आहे, बॉनेट उघडें आहे, पुढून वाफेचे लोट निघत आहेत, आणि मालक हातांत पाण्याची बाटली घेऊन आतां काय करावें या विवंचनेंत आहे. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासांत तो जें करील त्यावर त्या इंजिनाचें उरलेलें आयुष्य बहुतांशीं ठरतें. त्या अवधीविषयीं, आणि नंतर घरीं आणलेल्या गाडीवर मालकानें स्वतःच्या हातांनीं कोणते उपचार करावेत याविषयीं, मी आज बोलणार आहें.

उत्तरपाड्याची अँबॅसडर २०१४ सालीं बंद झाली. कुर्ल्यास तयार होणारी प्रीमियर पद्मिनी त्यापूर्वींच, या शतकाच्या आरंभास, थांबली. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुति ८०० चेंहि उत्पादन २०१४ सालींच संपलें. तथापि वडिलांनीं घेतलेली म्हणून, किंवा अजून चांगली चालते म्हणून, अशा गाड्या कित्येक घरीं जपून ठेवलेल्या आहेत. त्यांची रचना साधी असून थोडे पान्हे आणि पुष्कळ धीर एवढ्या भांडवलावर त्यांची बरीच सेवा घरीं करतां येते.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मोटार उकळणें हा रोग नसून रोगाचें लक्षण आहे. ज्वर आलेल्या मुलाच्या कपाळावर ओली घडी ठेवणें अवश्यच असतें. पण ज्वर कशानें आला हें शोधलें नाहीं तर तो पुन्हां चढतो. रेडिएटरमध्यें पाणी ओतून तशीच गाडी हांकणारा मनुष्य केवळ घडी ठेवीत असतो.

पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिचा सुमारें चौथा ते तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामीं येतो. बाकीची धुराबरोबर आणि इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर जाते. हें पाणी एक पंप फिरवीत असतो. सिलिंडरांभोंवतालच्या पोकळींतून तें उष्णता घेतें, थर्मोस्टॅट नांवाच्या झडपेंतून वरच्या रबरी नळीनें रेडिएटरांत येतें, तेथें वाऱ्याला उष्णता देतें, आणि खालच्या नळीनें परत पंपाकडे जातें. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीसाठीं विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. त्यांत आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. थोड्या जागेंत पुष्कळ पृष्ठभाग वाऱ्यापुढें मांडण्याची ती युक्ति आजहि चालू आहे.

आतां आपल्या खानदेशाची गोष्ट पाहूं. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकील हें मुख्यतः पाणी आणि हवा यांच्या उष्णतामानांतील अंतरावर अवलंबून असतें. समजा, पाणी ९० अंशांवर आहे. पौषांतल्या पहाटे जळगांवची हवा १२ अंशांवर असली तर अंतर ७८ अंशांचें झालें. मे महिन्यांतल्या दुपारीं तीच हवा ४५ अंशांवर गेली म्हणजे अंतर उरलें ४५ अंश. रेडिएटर तोच, पाणी तेंच, पंखाहि तोच. परंतु उष्णता टाकण्याची शक्ति साठ टक्क्यांच्याहि खालीं आली. तापलेल्या डांबरावरची हवा तर याहूनहि ऊन असते. म्हणूनच अर्धा बुजलेला रेडिएटर हिवाळाभर निमूटपणें चालतो आणि आखाजीच्या सुमारास, लेक-नातवंडांना माहेरीं आणावयास गाडी बाहेर पडली कीं, नेमका दगा देतो.

घाटांत प्रसंग अधिक बिकट होतो. चाळीसगांवाहून कन्नडचा घाट चढतांना, किंवा धुळ्याच्या दक्षिणेस लळिंगच्या किल्ल्याजवळचा चढ चढतांना, इंजिन जोरानें फिरतें पण गाडी मंद चालते. समोरचा वारा कमी होऊन सारी मदार पंख्यावर येते. वारा पाठीमागून असला तर प्रवाशास तो अनुकूल वाटतो. रेडिएटरला मात्र प्रतिकूल असतो.

आतां रस्त्यावरील उपचार. कांटा लाल खुणेकडे सरकूं लागतांच वातानुकूलन बंद करावें. गाडींत हीटर असेल तर तो पूर्ण उघडावा. मे महिन्यांत हीटर लावणें हास्यास्पद वाटेल. परंतु तो एक छोटा रेडिएटरच असतो आणि इंजिनाची थोडी उष्णता तो आपल्याकडे घेतो. तरीहि कांटा उतरला नाहीं तर गाडी रस्त्याच्या कडेला, शक्य तर सावलींत घ्यावी. वाफ निघत नसेल, नळ्या शाबूत असतील आणि पट्टा फिरत असेल तर इंजिन एक-दोन मिनिटें मंद चालूं द्यावें. पाणी फिरत राहून ताप उतरण्याचा संभव असतो. परंतु वाफ निघूं लागली असेल, पट्टा तुटला असेल किंवा नळी फुटली असेल, तर तत्क्षणीं इंजिन बंद करावें. पुढचें गांव दोनच किलोमीटरवर आहे, हा विचार या प्रसंगीं सर्वांत महाग पडतो. आणखी एक फसवणूक सांगतों. पाणी पार निघून गेलें म्हणजे उष्णता मोजणारें बोंड कोरडें पडतें आणि कांटा खालीं येतो. मालकास वाटतें, गाडी निवली; वस्तुतः ती आंतून जळत असते.

यानंतर बॉनेट उघडून अर्धा ते पाऊण तास स्वस्थ बसावें. रेडिएटरचें झांकण हें साधें झांकण नव्हे. त्यांतील स्प्रिंग आंतला दाब वाढूं देते. आणि दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोचा दाब वाढला कीं पाणी १०० ऐवजीं १२० अंशांच्या जवळपास उकळतें. प्रेशर कुकरमध्यें डाळ लवकर शिजते ती याच नियमानें. कुकरची वाफ जिरल्याविना झांकण ओढूं नये हें घरांतल्या लहान मुलीलाहि ठाऊक असतें. परंतु तापलेल्या रेडिएटरचें झांकण शहाणेसुरते लोक फिरवितात. दाब सुटतांच शंभरावरचें पाणी एका क्षणांत वाफ होऊन उसळतें, आणि हात, छाती व तोंड भाजून निघतें. डोळ्यांवर बेतण्याचीहि भीति असते. म्हणून वरची रबरी नळी जाड फडक्यानें दाबून पाहावी. ती मऊ लागली आणि उघड्या हाताला सोसवली म्हणजे दाब उतरला असें समजावें. मग झांकणावर फडक्याची घडी ठेवून, तोंड बाजूला करून, तें पहिल्या खांचेपर्यंतच फिरवावें. फुसकारा पुरता थांबल्यावर काढावें. विजेवर चालणारा पंखा कांहीं गाड्यांत किल्ली काढल्यावरहि आपोआप फिरूं लागतो; त्याच्या पात्यांजवळ हात नेऊं नये.

गार पाणी एकदम ओतूं नये. इंजिनावर बाहेरून तर मुळींच नाहीं. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचें आहे. अँबॅसडरच्या जुन्या १४८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनांत दोन्ही बिडाचीं आहेत. सारख्याच उष्णतेनें ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. पस्तीस सेंटिमीटर लांबीचें हेड शंभर अंशांनीं तापलें तर तें सुमारें ०.८ मिलिमीटर वाढूं पाहतें, आणि खालचा ब्लॉक ०.४ मिलिमीटर. बोल्टांनीं जखडलेले हे दोन धातु अशी ओढाताण करीत असतां मध्यें सांपडतें तें बिचारें गॅस्केट. त्यांतच एका बाजूनें गार पाणी पडलें तर हेड वांकतें. बीड असेल तर तडकतें. यास्तव इंजिन निवल्यावर तें सुरू करून, मंद चालत असतां, कोमट पाणी बारीक धारेनें भरावें.

गळती बारीक असली तर रेडिएटरमध्यें हळदीची पूड टाकण्याची एक युक्ति आपल्याकडील ड्रायव्हर मंडळी जाणतात. पूड फुगून भेगेंत बसते आणि गाडी पुढच्या गांवीं पोंचते. हा प्रथमोपचार आहे, हें मात्र विसरूं नये. तीच पूड रेडिएटरच्या बारीक नळ्यांतहि बसते. म्हणून घरीं पोंचतांच सर्व पाणी काढून आंतील भाग धुवावा.

घरीं आल्यावर पहिला प्रश्न असा, कीं इंजिनाला आंतून इजा झाली आहे काय? गाडी पूर्ण गार असतांना तेलाची पट्टी ओढून पाहावी. तेल दुधाच्या चहासारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. अशा स्थितींत इंजिन सुरू करूं नये. पट्टी स्वच्छ असली तरी स्पार्क प्लग काढून इंजिन क्षणभर फिरवावें. सिलिंडरांत पाणी सांठलें असेल तर तें प्लगच्या भोंकांतून उडेल. तेंच पाणी प्लग लावलेले असतां दट्ट्यावर सांपडलें तर दांडा वांकवितें, कारण पाणी दाबलें जात नाहीं. हें निर्विघ्न पार पडल्यावर, झांकण काढलेल्या रेडिएटरमध्यें पाहत इंजिन सुरू करावें. थंड इंजिनांत आरंभापासून बुडबुड्यांची सारखी माळ लागली, किंवा भर उन्हाळ्यांतहि धुरांड्यांतून पांढरी वाफ थांबेना, तर गॅस्केट गेलें असें मानावें.

या परीक्षेंत गाडी उतरली तर कारण शोधावयास घ्यावें, आणि स्वस्त व सोप्या वस्तूंपासून आरंभ करावा. झांकणाचें रबर चिरलें आहे काय? पट्टा अंगठ्यानें मध्यभागीं दाबला असतां एक-दीड सेंटिमीटरहून अधिक वांकतो काय? रबरी नळ्या फुगल्या किंवा भेगाळल्या आहेत काय? पंपाच्या पोटाशीं एक बारीक छिद्र असतें. तेथें ओल किंवा पांढरा डाग दिसला तर पंपाचें सील झिजलें आहे. रेडिएटरच्या पुढल्या अंगास धूळ, किडे, आणि कापसाच्या हंगामांत उडणारें पिंजलेलें बोंड अडकून बसतें. आंतल्या बाजूनें, इंजिनाकडून, पाण्याची सौम्य धार सोडून तें काढावें. जोराच्या धारेनें पातळ पत्रे मोडतात.

थर्मोस्टॅटची परीक्षा तर शाळेंतील प्रयोगासारखी रम्य आहे. तो काढून, टाकाऊ भांड्यांत पाणी घेऊन, दोऱ्यानें मधोमध टांगावा. तळाला टेकूं देऊं नये. शेजारीं तापमापक धरून पाणी तापवावें. झडपेवर कोरलेल्या अंशाच्या सुमारास, बहुधा ऐंशीच्या पुढें, ती उघडूं लागली पाहिजे. उघडली नाहीं तर आपला अपराधी सांपडला. उष्ण प्रदेशांत थर्मोस्टॅट काढूनच टाकावा असें कित्येक मिस्त्री सांगतात. तें ऐकूं नये. त्याच्या अभावीं इंजिन योग्य उष्णतेवर येण्यास विलंब लागतो, पेट्रोल अधिक जळतें आणि सिलिंडर लवकर झिजतात.

राहिला सर्वांत सामान्य व सर्वांत दुर्लक्षित शत्रु, तो म्हणजे विहिरीचें किंवा बोअरिंगचें जड पाणी. पाणी तापविण्याच्या भांड्याच्या बुडाशीं जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. पाण्यांत विरघळलेला चुन्याचा क्षार उष्णतेनें न विरघळणाऱ्या खडूसारख्या पदार्थांत पालटतो आणि नळीला आंतून लिंपून टाकतो. गंज त्यांत भर घालतो. हें धुण्यासाठीं बाजारांत तयार द्राव मिळतात. ते डबीवरील सूचनेप्रमाणेंच वापरावेत. संडास धुण्याचें ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा कदापि घालूं नये. दोन्ही ॲल्युमिनियम खातात. त्यानंतर खालच्या तोंडानें नळाचें पाणी उलट सोडून, वरून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावें. शेवटीं कूलंट व शुद्ध केलेलें, म्हणजे बॅटरींत घालतात तें, पाणी समभाग मिसळून भरावें. यानें गंज टळतो आणि उकळण्याचा अंश थोडा वर जातो. मात्र कूलंटमधील ग्लायकॉल चवीला गोड व पोटांत गेल्यास प्राणघातक असतें. सांडलेलें लगेच धुवावें, डबा मुलांच्या हातीं लागूं देऊं नये, आणि जनावरांच्या तोंडाशीं तें जाणार नाहीं अशी काळजी घ्यावी. भरतांना गाडीचें तोंड जरा उंचावर ठेवून, हीटर उघडा ठेवून, नळी दाबीत दाबीत भरावें, म्हणजे आंत हवा अडकत नाहीं. अडकलेली हवा हें दुसऱ्या दिवशीं पुन्हां उकळण्याचें नेहमींचें कारण आहे. एवढ्या तापानंतर इंजिनाचें तेलहि बदलावें. अति उष्णतेनें त्याचें सत्त्व गेलेलें असतें.

घरच्या कारागिरानें कोठें थांबावें हेंहि सांगितलें पाहिजे. गॅस्केट गेलें असेल तर हेड काढावें लागतें. अँबॅसडरचें हेड धीराच्या मनुष्यास काढतां येईल. मारुतीच्या इंजिनांत वेळ साधणारा पट्टा सोडावा लागतो, आणि तो एक दांत चुकला तरी कार्य बिघडतें. काढलेल्या हेडवर पोलादी पट्टी कोनाकोनांतून उभी धरावी. तिच्याखालून ०.०५ मिलिमीटरहून जाड पातें शिरलें तर तें हेड यंत्रशाळेंत सपाट करून घेतल्याविना बसवूं नये. नवें गॅस्केटहि महिनाभरांत जाईल. बोल्ट आंवळतांना मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, माप दाखविणाऱ्या पान्ह्यानें आणि कारखान्याच्या पुस्तिकेंतील अंकाप्रमाणेंच आंवळावेत. तो पान्हा व ती पुस्तिका जवळ नसेल तर हें काम चांगल्या मिस्त्रीकडे द्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. आणि झांकण, पट्टा, नळ्या व थर्मोस्टॅट हीं आपण तपासलीं आहेत असें त्यास सांगितल्यानें त्याचा वेळ व आपला खर्च दोन्ही वांचतात.

हें सारें उकळण्याची वाट न पाहतां करणें शहाणपणाचें. होळीनंतरचा एखादा रविवार त्यासाठीं काढावा. घरांतील मुलें व मुली हाताशीं घ्याव्यात. थर्मोस्टॅट त्यांनाच उकळूं द्यावा. दोन-चार तासांत गाडी उन्हाळ्यासाठीं सिद्ध होईल, आणि आखाजीला तींत बसणाऱ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना व पोराबाळांना भर उन्हांत रस्त्यावर उभें राहण्याचा प्रसंग टळेल. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.